१:१२ प्रमाणातील लाकडी गाडी: चाकाचे पुट्ठे खरोखर जोडावेत की अखंड कडे कापावे?

चौकट
नमस्कार. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेतावर वापरल्या जाणाऱ्या, घोड्यांनी ओढायच्या चार चाकी गाडीची प्रतिकृती मी गेले अकरा महिने हाताने घडवत आहे. प्रमाण १:१२ आहे, म्हणजे मूळ गाडीतील एक फूट माझ्या टेबलावर एक इंच होतो. तळाचा सांगाडा, बाजूच्या फळ्या आणि पुढचा आस ज्यावर वळतो ते लाकडी चक्र एवढे काम मनासारखे झाले आहे. अडले आहे ते चाकांपाशी.

बोलण्याच्या सोयीसाठी बैलगाडीचेच शब्द वापरतो. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसणारे कमानदार लाकडी पुट्ठे आणि सर्वांना कवटाळणारी लोखंडी धाव. मागचे चाक मुळात ५ फुटांचे असल्यामुळे माझ्याकडे ते १२७ मिलिमीटरचे होते. त्याला १२ आरे आणि ६ पुट्ठे आहेत. पुढचे चाक ४ फुटांचे, १० आऱ्यांचे आणि ५ पुट्ठ्यांचे आहे. मी मागचे एक चाक तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा मोडले. शेवटच्या खेपेला पाच पुट्ठे सुरेख बसले आणि सहाव्याच्या शेजारी साडेसहा मिलिमीटरची फट उरली.

आता मनात असे येते की प्लायवूडचे अखंड कडे कापावे, त्यावर सांध्यांच्या सहा रेघा ओढाव्यात आणि मोकळे व्हावे. धाव चढल्यावर आणि रंग लागल्यावर फरक कोणाला कळणार आहे? तरीही हात पुढे होत नाही. आपल्यापैकी ज्यांनी अशी चाके केली आहेत त्यांनी काय केले, हे जाणून घ्यायचे आहे.

पटाशी
मी कडे कापले. चार चाके दोन आठवड्यांत झाली. गाडी कपाटात आहे आणि आजवर एकाही पाहुण्याने पुट्ठ्यांची चौकशी केलेली नाही.

आडवी_रेघ
पटाशी यांनी कडे कशाचे कापले ते सांगितले नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. प्लायवूडच्या कड्याची बाहेरची कड धावेखाली झाकली जाते, परंतु आतली कड, म्हणजे आरे जिथे शिरतात तो भाग, उघडाच राहतो आणि तिथे प्लायवूडचे थर केकच्या कापासारखे दिसतात. अखंड फळीतून कडे कापावे तर कड्याच्या दोन ठिकाणी लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आडवी पडते आणि तिथे ते बोटांच्या दाबानेही मोडते. खरे तर याच कारणामुळे चाक तुकड्यांचे करू लागले. प्रत्येक पुट्ठ्यात रेषा लांबीच्या बाजूने धावावी, हा त्यामागचा सगळा हेतू आहे. त्यामुळे पुट्ठे जोडणे ही केवळ सजावट मानू नये.

पटाशी
मान्य आहे. माझे कडे प्लायवूडचेच होते आणि आतली कड मी रंगाने लपवली. लाकूड उघडे ठेवणार असाल तर माझा उपाय चालणार नाही, हे आधीच लिहायला हवे होते.

गुण्या
चौकट, आपल्या साडेसहा मिलिमीटरच्या फटीने मला फार जुनी ओळख दिली. सहा पुट्ठे म्हणजे बारा टोके. प्रत्येक टोक कापताना फक्त अर्ध्या अंशाची चूक झाली आणि ती दर वेळी एकाच बाजूला झाली, तर एकूण ६ अंश कमी पडतात. १२७ मिलिमीटर व्यासाच्या परिघावर ६ अंश म्हणजे ६.६ मिलिमीटर. थोडक्यात, आपला हात वाईट नाही, आपला कोन वाईट आहे, आणि तो बारा वेळा अगदी इमानदारीने सारखाच वाईट आहे.

यावर उपाय असा की टोके करवतीने अचूक कापण्याचा हट्ट सोडावा. पुट्ठे अर्धा मिलिमीटर लांब ठेवावेत आणि एका साच्यात धरून काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर टोक घासत न्यावे. साचा तपासण्यासाठी कोनमापकाची गरज नाही. सहा पुट्ठ्यांच्या चाकात प्रत्येक पुट्ठ्याच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांमधले सरळ अंतर चाकाच्या त्रिज्येइतकेच येते, म्हणजे आपल्या बाबतीत ६३.५ मिलिमीटर. वर्निअर कॅलिपर त्या आकड्यावर पक्का करून ठेवावा आणि पुट्ठा त्यात अलगद शिरेपर्यंत घासावा.

पुढच्या चाकाला मात्र ही सोय नाही. पाच पुट्ठ्यांचा कोन ७२ अंशांचा येतो आणि १०१.६ मिलिमीटरच्या चाकासाठी ते अंतर ६० मिलिमीटरच्या किंचित खाली, ५९.७२ येते.

कापूसकोंडा
मी धागा उघडला तेव्हा पुट्ठे हा शब्द पुठ्ठे असा वाचला आणि एवढे जाणते लोक पुठ्ठ्याच्या चाकावर इतके का भांडत आहेत, असा प्रश्न पडला.

गुण्या
कापूसकोंडा यांनी विनोद केला खरा, पण चाकाचा पहिला नमुना मी नेहमी पुठ्ठ्याचाच करतो. चूक तिथे स्वस्तात सापडते.

सावकाश
मी अशा दोन गाड्या केल्या आहेत, एक १:१२ आणि एक १:८. त्या अनुभवावरून सांगते की फट ही पहिली अडचण आहे. दुसरी अडचण चौकट यांना अजून भेटलेली नाही, कारण त्यांनी बहुधा आऱ्यांची टोके पुट्ठ्यात नुसती टेकवली असावीत.

एका पुट्ठ्यात दोन आरे शिरतात. तुंब्यातून निघालेले ते दोन आरे एकमेकांपासून दूर जात असतात, १२ आऱ्यांच्या चाकात ३० अंशांनी. पुट्ठ्यातली भोकेही त्याच दिशांनी पाडली, तर पुट्ठा आऱ्यांवर सरकणारच नाही, कारण टोकांमधले अंतर भोकांच्या तोंडांमधल्या अंतरापेक्षा जास्त असते. खऱ्या चाकाचे कारागीर यासाठी लांब दांड्याचे एक हत्यार वापरत. त्याने दोन आरे जवळ ओढून धरायचे, पुट्ठ्याची भोके टोकांवर आणायची, थोडे ठोकायचे आणि मग आरे सोडून द्यायचे. आरे आपापल्या जागी परत जाताना पुट्ठा घट्ट बसतो.

लहान चाकात मी हेच काम दोऱ्याने करते. दोन आऱ्यांच्या टोकांपासून सुमारे १० मिलिमीटर आत मेण लावलेल्या दोऱ्याचा फास टाकायचा, फासात टाचणी अडकवायची आणि टाचणी फिरवत दोरा पिळायचा. आरे डोळ्यांदेखत वाकतात. पुट्ठा टोकांवर येतो, तेव्हा टाचणी हळूहळू उलटी सोडायची. नीट जमले तर बारीकसा टक असा आवाज येतो आणि पुट्ठा हलवूनही हलत नाही. आवाज दुसऱ्या प्रकारचा आला, तर नवा आरा करायला घ्यावा.

यासाठी आऱ्याचे लाकूड सरळ रेषेचे हवे आणि ते करवतीने कापण्याऐवजी रेषेवर फोडून घेतलेले हवे. कापलेल्या आऱ्यात रेषा तिरपी पळते आणि दोरा पिळताना तो नेमका तिथेच सुटतो. मूळ गाड्यांचे ओकचे आरेही फोडूनच काढत, आणि कारणही हेच होते.

चौकट
सावकाश, आपला तर्क अचूक आहे. मी आऱ्यांची टोके सपाट कापून गोंदाने टेकवली होती. आता कळले की माझी पहिली दोन चाके हातात घेताच का खुळखुळली. आरे मी बीचच्या पट्टीतून कापले होते. लाकडाबद्दल आणखी कोणी सांगू शकेल का?

कानस
लाकडाच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही, तरी लिहितो. मूळ गाडीत तुंबा एल्मचा, आरे ओकचे आणि पुट्ठे ॲशचे असत. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे बारा खाचा पाडूनही तुंबा फाटत नाही, ओक भार पेलतो आणि ॲश धक्के सोसतो. म्हणून प्रतिकृतीतही तीच लाकडे वापरावीत, असा मोह होतो. तसे करू नये. झाडाला आपले प्रमाण ठाऊक नसते. ओकची छिद्रे १:१२ च्या आऱ्यावर बारा पट मोठी दिसतात आणि गाडी गाडीसारखी न दिसता ओकच्या तुकड्यासारखी दिसते. सागवानाचेही तेच होते. नास्पती, मेपल किंवा बॉक्सवूड यांसारखे दाट, बारीक पोताचे लाकूड घ्यावे आणि जिथे आवश्यक वाटेल तिथे रंगछटा द्यावी. बीच बळकट आहे, पण त्याचे तांबूस ठिपके लहान कामात डोळ्यांत भरतात. बाल्साचे मऊ, हलके लाकूड या कामात अजिबात आणू नये.

खरा_तो_खरा
कानस यांच्याशी मी सहमत नाही. ज्या लाकडाची गाडी त्याच लाकडाची प्रतिकृती, यात एक सचोटी आहे. माझ्या गाडीचे पुट्ठे ॲशचेच आहेत आणि जवळून पाहताना रेषा मोठ्या दिसतात हे मान्य करूनही मला ते बदलावेसे वाटत नाही.

कानस
मग लोखंडाची जाडीही मूळचीच ठेवावी, म्हणजे सचोटी पूर्ण होईल.

खरा_तो_खरा
ठेवली असती, पण आस वाकला असता.

अर्धा_मिलिमीटर
लोखंडाचा विषय निघालाच आहे, तर धावेबद्दल लिहितो, कारण माझी फजिती इतरांच्या उपयोगी पडेल. खरी धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान करतात, लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर टाकतात आणि लगेच पाणी ओततात. ती आकसते आणि सगळे सांधे आवळले जातात. म्हणूनच पुट्ठ्यांच्या टोकांमध्ये कारागीर मुद्दाम बारीक फट ठेवत असत, आवळायला जागा हवी म्हणून.

मला हा प्रकार लहान चाकावर करून पाहायचा होता. हिशेब सोपा आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ पट वाढते. १२७ मिलिमीटरच्या कड्याचे तापमान २०० अंशांनी वाढवले, तर व्यास ०.३ मिलिमीटरने वाढतो. तेवढे पुरते. मी कडे ०.२ मिलिमीटर लहान केले, त्याचा सांधा मऊ सोल्डरने जोडला आणि स्पिरिटच्या दिव्यावर ठेवले. नेहमीचे शिसे-कथील सोल्डर १८३ अंशांपासून वितळू लागते, हे मला पूर्णपणे माहीत होते. माहीत असणे आणि वेळेवर आठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कडे माझ्या डोळ्यांसमोर उघडून सरळ पट्टी झाले आणि चाकावर आडवे पडले. एका पुट्ठ्यावर काळा पट्टा उमटला, तो आजही आहे.

दुसऱ्या खेपेला सांधा चांदीच्या सोल्डरने जोडला, जे ६०० अंशांच्या वर वितळते. धाव चढली आणि चाक असे आवळले गेले की त्यात गोंद नसता तरी चालले असते.

पटाशी
एपॉक्सी लावून धाव चिकटवली तर दिवा, पाणी आणि काळा पट्टा तिन्ही वाचतात. १२७ मिलिमीटरच्या चाकावर काही टनभर गवत लादायचे नाही.

अर्धा_मिलिमीटर
हे म्हणणे बरोबर आहे आणि कोणाला तसे करायचे असेल तर त्याने खुशाल करावे. घनफळ लांबीच्या घनाने कमी होते, त्यामुळे १:१२ मध्ये वजन १७२८ पटींनी घटते. एक टनाची रिकामी गाडी प्रतिकृतीत ५८० ग्रॅमची होते. एवढ्या वजनाला एपॉक्सी पुरून उरते. मी तापवून चढवली, कारण धाव आवळली गेली की चाकाला बशीसारखा खोलगटपणा किंचित वाढतो, आणि ते मला पाहायचे होते.

सावकाश
बशीचा उल्लेख झाला ते बरे झाले, कारण चौकट यांच्या प्रश्नात तो नव्हता आणि माझ्या मते पुट्ठे खरे की खोटे यापेक्षा तो महत्त्वाचा आहे. या गाड्यांची चाके सपाट नसत. आरे तुंब्यातून निघताना बाहेरच्या बाजूला झुकलेले असत. घोडा चालताना भार डावीकडे-उजवीकडे हेलकावतो आणि तुंब्याला बाहेर ढकलतो, तेव्हा झुकलेले आरे कमानीसारखे तो धक्का घेतात. मग आसाची टोकेही थोडी खाली वळवलेली असत, जेणेकरून भार घेणारा सर्वांत खालचा आरा जमिनीशी काटकोनात उभा राहावा. परिणामी चाकाचा वरचा भाग गाडीपासून बाहेर झुकलेला दिसतो.

प्रदर्शनांतून मांडलेल्या बहुतेक प्रतिकृतींमध्ये चाके सपाट आणि आस सरळ असतो. प्रत्येक खिळा जागच्या जागी असतो, तरी गाडी खेळण्यासारखी दिसते, आणि का दिसते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. चौकट, आपल्या आराखड्यात खोलगटपणा किती दाखवला आहे?

चौकट
अडीच इंच, म्हणजे माझ्या प्रमाणात ५.३ मिलिमीटर. आणि मला कबूल केले पाहिजे की मी आस सरळ केला आहे.

गुण्या
६३.५ मिलिमीटर त्रिज्येवर ५.३ म्हणजे सुमारे ५ अंश. आसाची टोके तेवढीच खाली वळवावी लागतील आणि वरचा आरा मग साधारण १० अंश बाहेर झुकलेला दिसेल. तुंब्यातल्या खाचा त्याच कोनात पाडण्यासाठी माझा साचा असा आहे. एका फळीवर तुंबा मधल्या खुंटीवर उभा बसवायचा. परिघाच्या जागी खाचांच्या पातळीपेक्षा ५.३ मिलिमीटर उंच लाकडी कडी ठेवायची. आरा खाचेत बसवून त्याचे दुसरे टोक कडीवर टेकले की कोन बरोबर आहे. टेकले नाही तर खाचेचा वरचा किंवा खालचा काठ पटाशीने एकदाच, केसभर, तासायचा. बारा आरे टेकले की चाक आपोआप बशीच्या आकाराचे होते आणि डगमगही निघून जाते.

कापूसकोंडा
एक अडाणी प्रश्न. बारा आऱ्यांसाठी तुंब्याचे बारा सारखे भाग कसे पाडता? लेथ माझ्याकडे आहे, पण भाग पाडणारी चकती नाही.

आडवी_रेघ
तुंब्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि जिथे ती स्वतःला भेटते तिथे धारदार पात्याने कापावी. पट्टी सपाट पसरून तिच्यावर बारा भाग आखावेत आणि पुन्हा गुंडाळावी. लांबीला बाराने नीट भाग जात नसेल तर कागदावर दोन समांतर रेषा पट्टीच्या लांबीइतक्या अंतरावर काढाव्यात आणि मोजपट्टी तिरपी धरून शून्य एका रेषेवर व १२ चा एखादा सोयीचा पट दुसऱ्या रेषेवर आणावा. मधल्या खुणा पट्टीवर उतरवल्या की झाले. हे अडाणी मुळीच नाही. अनेकांची चाके इथेच बिघडतात, आणि दोष मात्र पुट्ठ्यांना दिला जातो.

जुनी_पट्टी
इतका वेळ वाचत होतो. सर्वांनी अखंड धाव गृहीत धरली आहे, म्हणून एक शंका विचारतो. चौकट, आपली गाडी शतकाच्या कोणत्या भागातली आहे? जुन्या चाकांवर अखंड धाव नसून लोखंडी पट्ट्यांचे वेगवेगळे तुकडे असत. प्रत्येक तुकडा दोन पुट्ठ्यांच्या सांध्यावर आडवा बसवून जाड खिळ्यांनी ठोकलेला असे. पट्ट्याही तापवूनच ठोकत, जेणेकरून आकसताना सांधा आवळला जावा. अखंड धावेने त्यांची जागा हळूहळू घेतली आणि काही काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या.

आपल्या आराखड्यात तुकडे असतील, तर तापवणे, सोल्डर आणि एपॉक्सी यांवरची सगळी चर्चा आपल्यासाठी निरर्थक ठरते. शिवाय मूळ प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते, कारण पट्टीचे खिळे पुट्ठ्यांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे यावे लागतात आणि रेघ ओढून केलेला खोटा सांधा तिथे लगेच उघडा पडतो.

अर्धा_मिलिमीटर
म्हणजे माझे कडे उघडून सरळ पट्टी झाले, तेव्हा ते इतिहासाच्या दिशेने निघाले होते.

चौकट
आराखडा पुन्हा भिंगाखाली पाहिला. जुनी_पट्टी यांची शंका खरी ठरली. परिघावर ज्या आडव्या रेघा मी आजवर रंग उडाल्याच्या खुणा समजत होतो, त्या पट्ट्यांच्या टोकांमधल्या फटी आहेत आणि त्यांच्या शेजारचे ठिपके खिळ्यांची डोकी आहेत. अकरा महिने तो कागद माझ्या टेबलासमोर टांगलेला आहे.

चौकट
पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे. मागची दोन्ही चाके खऱ्या पुट्ठ्यांची झाली. आरे फोडलेल्या मेपलचे आहेत आणि पुट्ठे नास्पतीचे. सावकाश यांचा दोरा पहिल्या चाकात दोनदा तुटला आणि दुसऱ्यात एकदाही नाही. टक असा आवाज बारापैकी नऊ पुट्ठ्यांना आला, उरलेल्या तिघांना काही आवाजच आला नाही, तरी ते घट्ट आहेत. गुण्या यांच्या साच्यावर शेवटची फट इतकी कमी आली की त्यात सिगारेटचा कागद कसाबसा जातो. सांध्याच्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून चिकटवण्याआधी टोकांवर शिसपेन्सिल फिरवली आणि तेवढ्याने काम झाले. चाक आसावर फिरवले असता परिघ ०.४ मिलिमीटर डगमगतो. आसही नवा केला आणि टोके ५ अंश खाली वळवली. गाडी चाकांवर उभी केली तेव्हा घरातल्या माणसाने पाहून चाके वाकडी बसली आहेत असे सांगितले, म्हणजे ती बरोबर बसली आहेत.

पटाशी, पुढच्या चाकांसाठी आपल्या कड्याचा विचार एका रात्री आला होता, पण सकाळी पाच पुट्ठ्यांचा साचा करायला घेतला.

पटाशी
फोटो टाका. आणि पट्ट्यांच्या खिळ्यांचे काय केले?

चौकट
आराखड्यात एका पट्टीला ८ खिळे आहेत. मागच्या दोन चाकांच्या १२ आणि पुढच्या दोहोंच्या १० पट्ट्या धरल्या तर १७६ खिळे होतात. प्रत्येकाचे डोके ०.८ मिलिमीटरच्या पितळी तारेतून चौकोनी घासून करावे लागते. आजपर्यंत एकोणीस झाले आहेत, त्यातले दोन जमिनीवर पडले आणि सापडले नाहीत.